एकाच शापाच्या दोन चकत्या

एका राज्यात वस्तू डोंगराच्या पोटात ठेवीत आणि माणसे त्यांच्या तांब्याच्या चकत्या जवळ बाळगीत. चकतीला जे करावे, ते डोंगरातल्या वस्तूला होई. राजपुत्र चित्ररथाचा प्राणही तसाच चकतीने बांधलेला. "एक हरवली तर?" म्हणून राजाने तिच्यावर कोऱ्या चकत्या दाबून आणखी सहा पाडल्या. त्याला वाटले, पोराला सात प्राण झाले!

मांत्रिक धूमकेशाने त्यांतली एक चोरून तिच्यावर शाप फुंकला. साती चकत्या एकदम गार पडल्या, आणि भरदरबारात राजपुत्राचा दगड झाला.

"चकत्या सात, महाराज, प्राण एकच होता," साळुंकी खिडकीतून म्हणाली.

राजकन्या वेणुमती पान हलले तरी दचकणारी. पण भाऊ तिचा, म्हणून साळुंकीला खांद्यावर घेऊन तीच निघाली. निघताना राजाने तिच्या हाती कोरी चकती कोंबली. "बाळ, तुझा एक जास्तीचा प्राण पाडून ठेव." अजून उमगले नव्हते त्याला!

डोंगरातल्या आपल्या गुहेत धूमकेश हसला. "भित्री आलीस? मी पुढे ठेवीन त्या दोन गोष्टींना 'मिळव' म्हणून एकत्र कर, तीनदा. काय होईल ते आधी सांग. चुकलीस तर तूही दगड."

त्याने दोन ज्योती ठेवल्या. 'दोन' हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता, तोच खांद्यावरच्या साळुंकीने तिचा कान चावला. "अगं, त्यांनाच विचार! मिळणं ज्याचं त्याचं निराळं."

ज्योती म्हणाल्या, "आम्ही मिळालो की एकच होतो." तिने तसे सांगून "मिळव" म्हटले, दोन्हींची एकच ज्योत झाली.

मग दोन कोकिळ. "आम्ही मिळालो की वसंत होतो." ती "वसंत होईल. मिळव!" म्हणाली, आणि गुहेच्या काळ्या कातळाला आंब्याचा मोहोर फुटला.

"आता शाप मिळवून शाप नाहीसा कर," म्हणत धूमकेशाने डोंगरात ठेवलेल्या त्या शापाची स्वतःची चकती पुढे टाकली.

तिने शापाला विचारले. डोंगर घुमला. "आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या शापाला मिळालो तर दुप्पट होतो. मी मलाच मिळालो तर उरत नाही."

वेणुमतीने कोरी चकती काढून शापाच्या चकतीवर दाबली.

"खुळे! चकती दुसरी झाली, शाप तोच राहिला!" धूमकेश ओरडला.

"तोच हवाय," ती म्हणाली. "आता काही उरणार नाही. मिळव!"

दोन्ही चकत्या धुक्यासारख्या विरल्या. त्याच क्षणी दरबारात दगडाने डोळे उघडले.

वेणुमती परतली तेव्हा चित्ररथ विचारीत होता, "अक्का, एवढ्या चकत्या कुणाच्या?"

"तुझ्याच. तू मात्र एकटाच आहेस रे."

राजाने चित्ररथाचा प्राण चकत्यांपासून सोडवून घेतला आणि मग जवळच्या सहा चकत्या वितळवून साळुंकीला पाण्याची वाटी केली. तेव्हापासून त्या राज्यात दोघांना विचारल्यावाचून कुणी कशाशी काही जोडत नाही. लग्नेसुद्धा.