ठकूआईची ओंजळ

आजोबांच्या आजोबांनीही ऐकलेलीच ही गोष्ट. करंजओहळ गावात ठकूआई नावाची म्हातारी होती. दात दुखो, हिरडी सुजो, तोंड येवो, तिचं औषध एकच, कुंपणावरची काटेरी पिवळी कोरांटी. तिच्या काढ्यानं चूळ भरली की हलणारा दात दगडासारखा रुतून बसे, असं म्हणतात. आता घराघरांत मंजन आलं, पण गाल कुरवाळत “आ कर रं माझ्या राजा” म्हणणारं कुणी उरलं नाही.

गावात वाघजाईची जत्रा भरे. कोंडू शिंगवाल्यानं शिंग फुंकल्याशिवाय पालखी उठायची नाही, हा रिवाज. त्याला जोडून आणखी एक. जत्रेआधी व्रत धरलं की शिंगवाल्याचं तोंड देवीचं. मग दातवण नाही, चूळ नाही. एकवेळची भाकरी आणि देवीचं तीर्थ, एवढंच त्यात जायचं. “तोंड घासू द्या त्याला, घाणीत कीड वाढती,” हे सांगून सांगून ठकूआईच्या दातांच्या कण्या झाल्या. पण ऐकतंय कोण!

एका वर्षी कोंडूचा जबडा भोपळ्यासारखा सुजला. हिरड्यांतून पू येऊ लागला. शिंग ओठाला लावलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. पालखी उठली नाही तर देवी कोपणार आणि खापर कोंडूच्या डोक्यावर फुटणार. तरी पठ्ठ्या औषध घेईना.

“व्रत मोडायचं न्हाई, आये. मेलो तरी बेहत्तर.”

ठकूआई चिडली, रडलीही. पोर तिच्याच हातावर जन्मलेलं. मग तिनं घागरभर कोरांटीचा काढा केला, निवू दिला आणि थेट वाघजाईलाच त्याची आंघोळ घातली. गुरव बघतच राहिला.

“घे, आता हे तीर्थ झालं,” ती कोंडूला म्हणाली. “पर गिळू नगंस. तोंडात खेळव नि थुंक.”

“तीर्थ थुकू? नरकात जाईन की!”

ठकूआईनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. “भुईवर नगं, हितं थुंक. पाप लागलंच तर मला लागू दे.”

कोंडूनं डोळे मिटले आणि थुंकला. जत्रेपर्यंत रोज असंच चाललं. पुवानं भरलेली ओंजळ म्हातारी स्वतः बाहेर नेऊन ओतायची.

जत्रेच्या सकाळी शिंग असं घुमलं की डोंगरापलीकडची गुरं चरायची थांबली, असं म्हणतात. जिथं जिथं ती ओंजळ रिकामी झाली, तिथं एका रात्रीत कोरांटी उगवून फुलली, असंही म्हणतात. पण तीर्थ बाटवलं म्हणून गावानं ठकूआईला पुन्हा देवळाची पायरी चढू दिली नाही. मरेपर्यंत ती बाहेरच, त्या कोरांटीपाशी बसून हात जोडायची. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

ती गेल्यावर गावाला चूक उमगली. आजही जत्रेआधी वाघजाईला कोरांटीच्या काढ्याची आंघोळ होते आणि शिंगवाला सगळ्यांदेखत त्याच तीर्थानं चूळ भरतो. ती चूळ झेलायचा मान मिळावा म्हणून करंजओहळच्या बायका दरवर्षी कडाकडा भांडतात. जिला मान मिळतो ती ओंजळ बाहेर ओतून येते आणि हात न धुता गाभाऱ्यात जाऊन देवीच्या पायांना शिवते. गुरव बाजूला सरून तिला वाट देतो.