कुंपणाबाहेरच्या लेकरांचा कडू घास

गोदाकाठच्या सावळदऱ्यात तेव्हा सिलासबाबांचा मुक्काम होता. खांद्यावर घोंगडी, गळ्यात लाकडी क्रूस. जिथे दुःख असेल तिथे बाबा न बोलावता जाऊन बसत.

गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच होते दानिएलराव. वचने तोंडपाठ, पण ती दुःखी माणसावर दगडासारखी फेकायची खोड! एस्तेरचे तान्हे बाळ बाप्तिस्म्याआधीच गेले. पंचांनी ते कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरायला लावले, आणि वर आईला सुनावले, "तुझाच विश्वास कमी पडला." ओल्या बाळंतिणीला देवाचे नाव घेऊन असे बोलायला जीभ धजली तरी कशी!

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी कडू घास घेऊन जातात. पंचांनी तोही बंद केला. बाप्तिस्मा नाही, तर शोकही नाही म्हणे! मंडळी मुकाट्याने घरात बसली. एस्तेरने अन्नपाणी टाकले. ही आता वाचत नाही, असे बायका कुजबुजल्या. कुजबुजल्या फक्त, जागची एकही हलली नाही.

उठली ती सरपण विकणारी सारूबाई. दोन भाकरी आणि पिठले टोपलीत घेऊन ती निघाली. पंचांनी तिला एस्तेरच्या दारातच अडवले.

"तू कोण गं सांत्वन करणारी? एक वचन तरी वाचता येतं का?"

"न्हाई येत, पंचजी. पर बाई उपाशी मरतीया, त्ये दिसतंय."

पंच मोठ्याने हसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "दानिएलराव, प्रभू मित्राच्या कबरेपाशी रडले, तेव्हा त्यांचाही विश्वास कमी पडला होता का?"

सिलासबाबा! संतापाने त्यांचा आवाज कापत होता. पंच दारातून बाजूला सरले. बाबा आत गेले, एस्तेरजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, तुझं बाळ देवाच्या मांडीवर आहे. तू रड. देवही तुझ्यासंगं रडतोय."

एस्तेरने हंबरडा फोडला. बाबाही रडले. मग सारूबाईने भरवलेला घास तिच्या घशाखाली उतरला.

बाबा अंगणात आले आणि गरजले, "ज्यांची लेकरं कुंपणाबाहेर पुरली, ज्यांना कुणी घास दिला नाही, त्या आयांनो, पुढे या!"

आधी एक म्हातारी आली. मग दुसरी. बघता बघता गल्ली भरली. इतकी वर्षे इतक्या जणी गप्प होत्या! सारूबाई भाकरी मोडून देत होती, आणि टोपलीत भाकरी तेवढ्याच!

"बाबा, ह्या सरंनात!" ती पुन्हा टोपलीत डोकावली.

"रांग सरू दे आधी," बाबा म्हणाले.

रांगेत सगळ्यांत शेवटी उभ्या होत्या दीनाबाई, खुद्द पंचांच्या पत्नी.

"माझं पहिलं लेकरू," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच पुरलं. अन् मला म्हनले, रडायचं न्हाई."

दानिएलरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या नव्हे. तिच्या."

सगळ्या गावादेखत पंचांनी बायकोच्या पायांवर डोके ठेवले आणि ते ओक्साबोक्शी रडू लागले. दीनाबाई खाली बसल्या. सारूबाईने हातात दिलेला घास त्यांनी मोडला आणि अर्धा नवऱ्याच्या तोंडात घातला. तोही त्या लेकराचा बाप होता.