संध्याकाळी न मिटणारी जास्वंद

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी जास्वंदीचं एक गाव होतं. घरोघरी कुंपणाला तीच लाल जास्वंद, आणि प्रत्येक झाडाची फांदी मानकऱ्यांच्या बागेतून आलेली. म्हणून रिवाज असा, की सकाळी उमललेलं पहिलं फूल मानकऱ्यांच्या दारात ठेवायचं आणि मगच देवीला हार न्यायचा. बी पेरून जास्वंद वाढवायची बंदी होती. बियांचं रोप बेवारस, असं गाव म्हणे.

त्या गावात एक माळीण राहायची. तिचे हार देखणे असत, पण दिवस कलला की फुलं मिटत, आणि आरतीच्या वेळी देवीच्या गळ्यात नुसता चोथा लोंबत असे. माळणीला ते बघवत नसे. तिच्या माहेरी एक फिकट गुलाबी जास्वंद होती. तिचं फूल दुसऱ्या दिवशीही टवटवीत राही, पण देवीला फूल लालच लागे. लालही आणि टिकणारंही असं फूल का होऊ नये? तिनं मानकऱ्यांनाच विचारलं.

"देवीनं आजवर तक्रार केली का गं?" मानकरी हसले.

"तुमच्याकडं कशी करेल? तुम्ही सकाळीच दर्शन उरकून जाता," असं म्हणून माळणीनं पदर खोचला.

माहेरची जास्वंद तिनं एका कुंडीत आणून लावली. त्या झाडाची कळी उमलायच्या बेतात आली, की ती अलगद उघडून आतले पराग काढून टाकी. मग लाल फुलाचे पराग कापसाच्या बोळ्यावर घेई आणि आतल्या दांडीच्या टोकाला ज्या इवल्या टिकल्या असतात, त्यांना लावी. ओळखू यावं म्हणून देठाला काळा दोरा बांधी. उन्हाळ्यात धरलेली बोंडं सगळी गळाली. थंडीत धरलेली टिकली.

पण ते काळे दोरे गावाच्या नजरेस पडले. ही करणीच! माळीण बाजाराला गेल्याचं पाहून शेजारणींनी एकूणएक दोरा तोडला. दोऱ्यांबरोबर बोंडंही गेली.

घरी येऊन माळीण ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं, कुंडी डोक्यावर घेतली आणि भर सकाळी देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. सगळ्यांसमोर तिनं कळी उघडली, पराग लावले, काळा दोरा बांधला.

"करणी असेल तर देवीच्या डोळ्यांदेखत चाललीय. तिला आवडली नाही, तर ती बघून घेईल. तुम्ही कशाला घाबरता?"

मानकऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. "हे रोप उपटून टाक, नाहीतर यापुढं तुझा हार देवळात येणार नाही."

"नाही आणणार," माळीण म्हणाली आणि कुंडी उचलून चालू लागली.

हार बंद झाले. ती शेजारच्या गावात खुरपणीला जाऊ लागली. या खेपेला बोंडं पिकली, बिया रुजल्या, रोपं वाढली. मोठ्या प्रतीक्षेनंतर ती फुलू लागली, तेव्हा कुंपणाशी गर्दी जमली. एक फूल मळकट, दुसरं पोपडे धरल्यागत, तिसरं दुपारीच मान टाकलेलं. लोक पोट धरधरून हसले.

"हसा की! पोटच्या पोरी तरी कुठं सगळ्या सारख्या निघतात?" असं म्हणत माळणीनं स्वतःच्या हातानं ती रोपं उपटून उकिरड्यावर टाकली.

मागं राहिलेल्या एका खुरट्या रोपाला शेवटी कळी आली. फूल उमललं ते लालभडक. संध्याकाळ झाली, आरतीची घंटा वाजली, तरी ते तसंच उघडं होतं. कुंपणाशी उभे असलेले लोक त्या दिवशी हसले नाहीत.

दुसऱ्या सकाळी खुद्द मानकरी आले. आवाजात लोणी होतं. "हे झाड माझ्या बागेत लाव. देवीनं आमच्या घराण्याला दिलं, असं सांगू. तुझे हार परत सुरू. शिवाय तुझा हार सगळ्यांच्या आधी चढेल."

माळणीला देवळाची पायरी आठवली. तिला तिथं परत जायचं होतं, फार जायचं होतं. "पावसाळा येऊ द्या, मग बघू," एवढंच ती म्हणाली.

तोवर तिनं झाड वाढू दिलं, आणि पावसाळा येताच कोयता घेऊन त्याच्या फांद्या छाटल्या. मानकऱ्यांना वाटलं, बाई चिडून झाडाचा सत्यानाश करतेय. पण तिनं फांद्यांचे तुकडे टोपलीत भरले आणि घरोघरी वाटले. दोरे तोडणाऱ्या शेजारणींनाही दिले. "फुकट घ्या. पण याचं पहिलं फूल कुणाच्या दारात ठेवायचं नाही. सरळ देवीला न्यायचं."

पुढच्या वर्षी जुन्या जास्वंदीचे हार कुणी ओवलेच नाहीत, आणि मानकऱ्यांच्या उंबऱ्यावर एकही फूल पडलं नाही. संध्याकाळच्या आरतीला देवीचा गळा लाल फुलांनी भरला होता, आणि पुढच्या रांगेत माळीण स्वतःचा हार घेऊन उभी होती. तिला अडवायला कुणी पुढं आलं नाही.

आरतीनंतर आसपासच्या गावचे लोक फांदीसाठी तिच्यापुढं रांगेत उभे राहिले. मानकरी मात्र थेट तिच्याजवळ आले. "मला एक फांदी देशील?"

"देईन की," माळीण म्हणाली. "पण रांगेत या."

तात्पर्य एवढंच: नवं काही रुजवणाऱ्यानं हसणाऱ्यांना भिऊ नये, आणि ते उमललं की कुणा एकाच्या दारात बांधून ठेवू नये.