रिकाम्या मागांची गल्ली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मला मोजता येत नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला पटायचं नाही. एका राज्यात नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. गावात घरोघरी माग होते आणि उजाडलं की गल्लीगल्लीतून त्यांची खटखट सुरू व्हायची. नव्या पाहुण्याचं पहिल्या दिवशी डोकं उठायचं, आणि परत गेल्यावर त्याला आपल्या घरी झोप यायची नाही.

त्या गावाची एक रीत होती. चालत्या मागाच्या घराच्या दारावर थाप मारायची नाही. विणणाऱ्याचं लक्ष हललं की धागा तुटतो. म्हणून आत माग वाजत असेल तर आलेला माणूस, मग तो सख्खा भाऊ का असेना, आल्या पावली परत जायचा. माग थांबला की मात्र दार सगळ्यांना उघडं. रीत चांगलीच होती. पण बाबांनो, चांगल्या रीतीतसुद्धा माणूस कसा अडकतो, ते आता ऐका.

एका साली व्यापाऱ्यांचे तांडे आलेच नाहीत. दूरच्या देशांत काय बिघडलं होतं कोण जाणे, पण कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून सूत नाही, सूत नाही म्हणून काम नाही. पेठेतल्या दुकानांच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच. गावातले माग एकेक करून गप्प झाले.

गावाच्या अगदी टोकाला एक आडवी गल्ली होती. तिथे रेवणा नावाचा विणकर राहायचा. हात असा की बघत राहावं, पण स्वभावाने भारी मानी. घरातलं सूत संपलं तेव्हा त्याने बायकोला, कस्तुराला, तिच्या भावाच्या गावी नेऊन सोडलं. तिच्या कडेवर त्यांची मुलगी होती, नुकती धरून उभी राहायला शिकलेली.

"मागावर सूत चढलं की त्याच दिवशी न्यायला येतो," रेवणा म्हणाला.

"आणि नाही चढलं तर?"

"चढेल गं. न चढायला काय झालं?"

तो एकटाच परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला, तर घर असं शांत की नको वाटावं. आणि शेजारून माग वाजत होता. समोरच्या म्हाताऱ्या कोंडाबाईकडूनही खटखट ऐकू येत होती. म्हणजे यांच्याकडे सूत आहे! जुनं साठवलं असेल, नाहीतर कुणा सोयऱ्याने धाडलं असेल. गल्लीत आपणच तेवढे रिकामे. आता आपला माग गप्प राहिला, तर लोक म्हणणार, बघा, रेवण्याला पोसवेना म्हणून बायकोला माहेरी टाकून आला.

मग या शहाण्याने काय केलं असेल? दाराला आतून कडी घातली आणि रिकाम्या मागावर जाऊन बसला. पायाखालची पावडी दाबली, दोरी ओढली. मागावर धागा एक नाही, नुसता धोटा या टोकाहून त्या टोकाला. खटक, खटक. आवाज अगदी खऱ्यासारखा. लाकडाला काय, सूत असो नाहीतर नसो.

त्या दिवसापासून त्याचं हेच सुरू झालं. सकाळी बसायचं, दुपारी कोरभर भाकरी खायची, पुन्हा बसायचं. पाठ भरून यायची, हाताला घट्टे पडायचे, आणि संध्याकाळी विणलेलं वीतभर कापडही समोर नसायचं. मधूनच एखाद्या पहाटे तो लांबच्या गावी जायचा. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. मळ्यात निंदणी करून ओंजळभर जोंधळे आणायचा आणि आल्याबरोबर पुन्हा माग वाजवायला लागायचा. पाण्याला जायचं तेही इतरांच्या आधी, कुणी दिसू नये म्हणून. आणि माग वाजतोय म्हटल्यावर त्याच्या दाराशीही कुणी येत नव्हतं. रात्री तो मुलीच्या झोळीची दोरी उगाच हलवायचा. दिवसचे दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

आता तुमच्यातला कुणी चौकस म्हणेल, अहो, मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांचा ताणा गल्लीत लांब ताणून त्याला पेजेची खळ लावावी लागते, ती कुणी लावताना दिसेना, मग कुणाला शंका कशी आली नाही? बरोबर आहे तुमचं. पण ज्याने स्वतःच खिडक्या लावून घेतल्यात, त्याला गल्लीत काय चाललंय आणि काय नाही, हे दिसणार कुठून?

अशी वर्षं गेली. मग एक दिवस राजाची दवंडी पिटली गेली. तांडे पुन्हा येऊ लागलेत, वाईट दिवस सरले. पण सरले म्हणजे काय, तर पूर्वी गाड्यांची रांग लागायची तिथे आता हंगामाला सुताची एकच गाडी येणार. ते सूत सगळ्यांना कुठून पुरणार? म्हणून राजाचा हुकूम असा होता की ज्याचा माग बंद आहे, त्याला सूत आधी मिळेल. मुकादम गल्लीगल्लीतून फिरेल, कान देईल, आणि गप्प घराच्या दारात गाडी थांबवील.

रेवणाने हे सगळं ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. त्या रात्री तो भाकरी न खाताच कस्तुराच्या आठवणीत पडून राहिला. ठरलं तर मग, गाडी आली की हात थांबवायचा!

गाडी आली. बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. रेवणाचा हात दोरीवर थबकला. त्याने कान दिला. शेजारचा माग वाजतोय. कोंडाबाईचा वाजतोय. पलीकडचा, त्याच्या पलीकडचा, झाडून सगळे वाजतायत. एकही थांबला नाही! एवढ्या गल्लीत आपलाच थांबणार? मुकादम आपल्याच दारात उभा राहणार, आणि सगळे दार किलकिलं करून बघणार? त्याने डोळे मिटले आणि जोरात दोरी ओढली. खटक! खटक!

मुकादम गल्लीच्या तोंडाशी जरा वेळ उभा राहिला. "नशीबवान लोक आहेत हो इथले," तो गाडीवानाला म्हणाला. "वळवा गाडी."

घुंगरं लांब गेली. रेवणा मागावर डोकं टेकून रडला. पण हात चालूच ठेवला, नाहीतर रडणं बाहेर ऐकू गेलं असतं.

पुढच्या हंगामात हेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. इतर गल्ल्यांतून एकेक माग पुन्हा सुरू होत होता. या गल्लीच्या तोंडाशी येऊन गाडी दर खेपेला वळायची.

एकदा पहाटे रेवणा नदीवर गेला, तर घाटावर एक कासारीण बांगड्यांची दुरडी उतरवून बसली होती. ती गावोगाव फिरायची. तिने त्याला ओळखलं.

"रेवणाच ना तुम्ही? तुमच्या बायकोच्या गावी जाऊन आले हो."

"कशी आहे?" त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"बरी आहे. मला म्हणाली, कासारीणबाई, तुम्ही आमच्या गल्लीवरून जाता, आमचा माग चालतो का हो? म्हटलं, चालतो म्हणजे काय, दिवसभर खटखट चालू असते! मला वाटलं खूश होईल बाई." कासारीण दुरडी आवरायला लागली. "हात पुढे केला होता तिने, बांगड्या भरायला. तो मागे घेतला. म्हणाली, राहू द्या. आणि आत निघून गेली. भांडण झालंय का काही तुमचं?"

घागर तशीच पाण्यात सोडून रेवणा घरी आला. माग चालू असून न्यायला आला नाही, असं समजून बसली असेल ती. रोज असंच समजत असेल. त्याला मागाकडे बघवेना. त्या दिवशी त्याने पावडीला पाय लावला नाही. दाराची कडी काढली आणि उंबऱ्यावर बसून राहिला.

उन्हं वर आली तशी समोरची खटखट अडखळली, मग थांबली. कोंडाबाई काठी टेकत बाहेर आली.

"काय रे रेवणा, बरं नाही का? तुझा माग का गप्प?"

त्याने नुसतं आत बोट दाखवलं. म्हातारी आत गेली. तिने कोरड्या फणीवरून हात फिरवला, कापड गुंडाळायच्या, जळमटं धरलेल्या तुळईवरून फिरवला, आणि मटकन खाली बसली.

"मेल्या," ती म्हणाली, "माझंही सूत संपलं, पण रोज सकाळी तुझा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, रेवणाकडे काम आहे, मग मीच का हात बांधून बसू? म्हणून मी माझा बडवत होते. रिकामाच रे माझाही! तू एक दिवस असा दार उघडून बसला असतास तर मीही थांबले असते."

दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. मग ती तरातरा उठली. रेवणाचा धोटा उचलला आणि गल्लीत जाऊन शेजारच्या दारावर आपटला. चालत्या मागाच्या दारावर! आजवर कुणी केलं नव्हतं असं.

"उघड रे! आत कसला शालू विणतोयस, बघू दे मला!"

दार उघडलं. तिथेही धागा नव्हता. पुढच्या घरी नव्हता, त्याच्या पुढच्याही. एकेक आवाज थांबत गेला आणि सगळी गल्ली चिडीचूप झाली. दारादारांत माणसं उभी राहिली, वाळलेली, पांढरी पडलेली, एकमेकांकडे नवख्यासारखी बघणारी. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, या गल्लीत दुर्दैवी तो मी एकटा.

रेवणा त्याच दुपारी निघाला. कस्तुरा भावाच्या अंगणात दाणे पाखडत होती. तिने त्याला पाहिलं, पण उठली नाही.

"आता आठवण झाली?"

"माग बंद आहे," रेवणा म्हणाला. "तू इथे आलीस तेव्हापासून बंदच आहे."

"मग वाजत काय होतं?"

"मी वाजवत होतो. नुसताच."

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. "बंद मागाच्या घरी मी आले नसते, असं वाटलं तुम्हाला?"

तिच्या मागे एक मुलगी उभी होती, दोन वेण्यांची, चांगली उंच. तिने आईचा पदर ओढला आणि विचारलं, "आई, हे कोण गं?"

तिघं घरी आली. पुढच्या हंगामाला गल्ली गप्प होती आणि गाडी आत शिरली. पण तोवर बहुतेक सूत इतर गल्ल्यांच्या नावे कायमचं नेमून दिलेलं होतं.

"मी तर राजाला सांगत आलो, या गल्लीला काही कमी नाही," मुकादम खाली मान घालून म्हणाला. गाडीत एका मागापुरतं सूत उरलं होतं. ते कोंडाबाईच्या मागावर चढवायचं ठरलं. कितीतरी वर्षांनी ताणा गल्लीत ताणला गेला आणि लहानथोर सगळी त्याच्या दोन्ही बाजूंना खळ लावायला उभी राहिली. होईल ते सगळ्यांनी वाटून खाल्लं. रेवणाच्या मागाची पाळी यायला आणखी पुष्कळ दिवस गेले. मुलीने त्याला बाबा म्हणायला त्याहून जास्त दिवस घेतले.

तेव्हापासून त्या गल्लीत ज्याचा माग थांबतो, तो आधी दार उघडं टाकतो.

म्हणून सांगतो, पोरांनो आणि थोरांनो: आपली अडचण जो लोकांपासून लपवतो, त्याच्या दाराशी आलेली मदतही मागे फिरते.