पाखरीचे पाय आणि महाराजांची चिंधी

पाणथळी गाव नावासारखेच होते. एकदा पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत गावात गुडघाभर काळा चिखल. अशा या गावी एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिंधीनाथ महाराज आले आणि मारुतीच्या पारावर बसले. अंगावर चिंध्यांची कफनी, मुखी नाम, आणि पाय मांडीपर्यंत चिखलाने माखलेले!

सरदारांच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा येसू मोतद्दार दर्शनाला धावला, पण चेहरा उतरलेला. पाखरी ही पांढरी घोडी त्याने आईवेगळे शिंगरू असल्यापासून वाढवली होती. सीमोल्लंघनाचे निशाण तिच्याच पाठीवर निघे. आणि आता तिचे चारही पाय खुरांच्या वर सोलवटून चिघळले होते. पागेचे दरोगा हैबतराव यांचा हुकूमच तसा, की घोड्यांचे पाय दिवसातून तीनदा धुवायचे! "ओला चिखल धुऊ नये, वाळवून झाडावा, असं आमचा बा सांगायचा," असे येसू एकदा चाचरत बोलला, तर हैबतराव कडाडले, "आमच्या आज्यानं बादशहाचे घोडे धुतलेत! तू आम्हाला अक्कल शिकवणार?" आता त्यांनी बजावले होते की उद्या घोडी लंगडली तर ती बाजारात आणि येसू पागेबाहेर.

पारावर बायाबापड्या कढत पाण्याच्या घागरी घेऊन पाद्यपूजेला जमल्या. महाराजांनी चटकन पाय पोटाशी घेतले.

"थांबा गं मायांनो! पाय धुवायचे नाहीत. चिखल वाळू द्या."

मिशीला पीळ देत उभे असलेले हैबतराव खो खो हसले. "पाय न धुणारा साधू आज पाहिला! आमच्या घोड्यांना याहून जास्त शिस्त आहे."

"हो ना," महाराज म्हणाले, "म्हणूनच ते लंगडतात."

लोकांनी पदर नि उपरणी तोंडाला लावली. हैबतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एवढी विद्या आहे, तर उद्या घोडी चालवून दाखवा! चालली तर सगळ्या गावासमोर तुमचे पाय धरीन."

"धर बापा. पण धुऊ नकोस."

मग महाराजांनी कफनीची एक चिंधी फाडून येसूच्या हाती ठेवली. "लेकरा, तुझ्या बाची विद्या खरी. आज पाणी लावू नकोस. चिखल वाळला की हलक्या हातानं झाड, या चिंधीनं पूस, करंजाचं तेल लाव. उरलेलं दुखणं माझ्याकडे धाड."

शेवटचे बोलणे येसूला उमगले नाही, पण त्याने सांगितले तसे केले. तेल लावताना त्याचे डोळे भरून आले. "पाखरे, आता माझी भाकर नि महाराजांची लाज तुझ्याच पायांत गं!"

दुसऱ्या दिवशी ताशा कडाडला आणि पाखरी निघाली ती थुईथुई नाचतच! पायांवर ना खपली, ना चीर. वर वाटेतल्या डबक्यात टाप हाणून तिने हैबतरावांचा जरीचा अंगरखा पार रंगवून टाकला. काय ती लीला!

दिलेला शब्द गळ्याशी आला. हैबतराव तसेच चिखलाने माखलेले पारावर गेले, वाकले, आणि दचकले. महाराजांच्या पायांवरचा चिखल वाळून झडला होता. खाली सोलवटलेली, चिघळलेली कातडी होती, पाखरीची होती अगदी तशीच!

हैबतरावांनी त्या पायांवर डोके ठेवले आणि ते ढसाढसा रडू लागले. "महाराज, माझं पाप तुम्ही भोगताय! अरे, कुणीतरी पाणी आणा, पाय धुवा यांचे!"

"पुन्हा पाणी?" महाराजांनी पाय पोटाशी ओढले. "येसू, आवर रे तुझ्या दरोगाला!"

रडता रडता हैबतरावांना हसू फुटले. त्यांनी येसूपुढे हात पसरला. "येसूदादा, ती चिंधी दे. आणि कसं पुसायचं, तेही शिकव."

पाणथळीच्या पारावर पुढे महाराजांच्या पादुका बसल्या. त्यांना पाणी घालत नाहीत; कोरड्या चिंधीने पुसून करंजाचे तेल लावतात. जिवंत असेपर्यंत हैबतरावांनी तो मान दुसऱ्या कुणाला दिला नाही.