काठोकाठ भरलेला खंदक

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटावर, भातशेतीच्या सपाट मुलखात, एका सरदाराचा भुईकोट होता. जवळपास ना डोंगर, ना दगड. म्हणून त्याच्या पूर्वजांनी भोवती खंदक खणला आणि निघालेल्या मातीचाच तट रचला. सपाटीवर राहण्याचा एक फायदा असतो: शत्रू लांबून दिसतो. तोटाही तोच. शत्रू नसला तरी माणूस दिवसभर लांब बघत बसतो.

सरदार तसाच बसे. बगळा उडाला तरी त्याला भाल्याचं पातं चमकल्यासारखं वाटे. धीर काय तो खंदकातल्या पाण्याचा. ते काठोकाठ आहे ना, हे तो जेवणाआधी आणि जेवणानंतर पाहून येई. आपल्या जेवणाने खंदक रिकामा होत नाही, हे त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती.

कोटाची एक रीत होती. भातलावणी आली की खंदकाचं दार उघडायचं आणि आठ दिवस पाणी शेतांना सोडायचं. खंदक गाळापर्यंत उतरे. तेवढे दिवस गावातले निम्मे गडी लावणी करत, निम्मे तटावर पहारा देत. मग नदीच्या पाण्याने खंदक पुन्हा भरे.

एका वर्षी पाऊस लांबला, नदी रोडावली. त्यातच नदीपलीकडच्या सरदाराने फौज जमवल्याची कुणकुण आली. आपल्या सरदाराने हुकूम काढला: यंदा दार उघडायचं नाही.

शेतांना पाणी वाटून देणारा म्हातारा पाटकरी पिवळ्या रोपांची जुडी घेऊन कोटात आला.

"सरकार, हे बघा. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही, तर हे गुरंसुद्धा खाणार नाहीत."

"आणि त्या आठ दिवसांत शत्रू आला तर? नदी अशी. खंदक पुन्हा भरणार कधी?"

"तटावर आम्ही असतोच की दरसाल."

"तुम्ही!" सरदार हसला. "अरे, तुम्ही पहाऱ्यावर घोरता. पाणी कधी झोपत नाही, म्हातारबा."

"खरं आहे, सरकार. पण ते भालाही धरत नाही."

कारभारी मध्येच म्हणाला, "खंदकात मासे आहेत. उपाशी कुणी मरत नाही."

"मासे आधी तुमच्या ताटात जातात, कारभारी. आमच्यापर्यंत काटे येतात."

सरदाराचे डोळे पुन्हा नदीकडे लागले होते.

पाचव्या दिवशी जमिनीला भेगा पडल्या. नवव्या दिवशी रोपं हातात चुरगळू लागली. नदीपलीकडच्या सरदाराने आपला तलाव शेतांसाठी मोकळा केल्याचं कळलं, तेव्हा पहिलं घर उठून तिकडे गेलं. मग दुसरं. पहाऱ्यावरचे गडी त्याच घरांतले. बायकापोरं निघाली तसे तेही भाले भिंतीला टेकवून निघाले. सगळ्यांत शेवटी पाटकरी गेला. जाताना त्याने खंदकाच्या दाराची किल्ली कारभाऱ्याच्या हातात ठेवली.

महिनाभरात शत्रू खरंच आला. दोनशे माणसं, भर दुपारी, सावकाश.

"पूल वर ओढा!" सरदार ओरडला.

खंदकावरचा पूल ओढायला वीस गडी लागत. कोटात उरले होते सात, आणि त्यांतला एक आचारी. पूल कंबरेइतका उचलला गेला, तिथेच थरथरला आणि धाडकन खाली आला. शत्रूने धुरळा बसू दिला आणि मग ओळीने पूल ओलांडला. खंदक तुडुंब होता. कुणाचा पायसुद्धा भिजला नाही.

सरदाराला मुलखाबाहेर घालवलं. जिंकणाऱ्याला कोटाची गरज नव्हती. त्याने दरवाजे काढून नेले आणि तट पावसावर सोडून दिला. आज तिथे गवताने झाकलेला एक लांबट उंचवटा तेवढा आहे. शेतकरी त्यावर पेंढा वाळत घालतात. ही कशाची खूण, असं विचारलं तर म्हणतात, "असेल कुणाचा तरी बांध."

तात्पर्य: राखणाऱ्यांनाच तहानलेलं ठेवून राखलेलं काहीही टिकत नाही.