शेवंतीचा पाट

साथ ऐन भरात होती, तरी रेगेशेठच्या काजू कारखान्यात बायका एकमेकींना खेटून काजू सोलत होत्या. वाऱ्यानं सालं उडतात म्हणून दारं-खिडक्या बंद. त्यातच शेवंती तापानं गेली.

चौकशीला आलेल्या सरकारी निरीक्षकांना शेठ म्हणाले, "आजार तिला घरी लागला. आमची खोली म्हणजे देवघर!"

शोकसभा मात्र शेठनी कारखान्याच्या अंगणात ठेवली, खुर्च्या लांब लांब मांडून. निरीक्षकही बसले होते.

शेवंतीची जाऊ मथुरा उठली. तिनं शेवंतीचा फोटो उचलून आत सोलायच्या खोलीत तिच्या रोजच्या बसायच्या पाटावर ठेवला.

"शेठ, हार इथं येऊन घाला. आणि दार लावून घ्या, सालं उडतात."

हार हातात धरून शेठ उंबऱ्याबाहेरच थिजले.

मथुरा निरीक्षकांकडे वळली. "साहेब, झाली चौकशी?"